श्रावणातला स्लॅब

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. सावनेर रोडला एका फार्महाऊसचा स्लॅब टेकू काढताना कोसळला आणि खाली काम करणारी रेजा, म्हणजे मजूर बाई, जागीच गेली. त्या भागातल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी तेव्हा मी होतो.

बिल्डर स्वतःहून ठाण्यात आला. स्वतःहून येणाऱ्या माणसाकडे मी नेहमी दोनदा बघतो. शहरातल्या डॉक्टर-वकिलांची फार्महाऊसं बांधण्यात त्याची हयात गेली होती. प्रत्येक घराचं वेगळं रजिस्टर ठेवणारा म्हणून त्याचं नाव होतं. या घराचंही त्याने माझ्या टेबलावर ठेवलं. त्यात नोंदी होत्या: स्लॅब श्रावणाच्या सुरुवातीला टाकला, रोज पाणी मारलं, पोळा उलटल्यावर टेकू काढायला घेतले. सगळं कसं नियमात!

"सेंट्रिंगवाल्या मिस्त्रीनं टेकू उलटसुलट काढले साहेब. त्याले मी काय करू?"

मिस्त्री आमच्या कोठडीत होता. त्याचं एकच पालुपद. "स्लॅब पोळ्यानंतरचा, कच्चाच होता. पितृपक्षाच्या आधी वास्तुशांती हाय, खोलून टाक, असं बिल्डर मालकच फोनवर बोलला."

फोन झाल्याचं तपासात निघालं, पण काय बोलणं झालं ते कुठून निघणार? मिस्त्रीवरही माझा विश्वास नव्हता. अडकलेला माणूस मालकाचं नाव घेतोच. मजुरांना तारीख विचारली की सगळ्यांच्या माना खाली. पुढचं कामही त्याच बिल्डरकडे होतं ना!

मिस्त्रीची बायको डबा घेऊन यायची. एका दुपारी ती हवालदारावर कडाडली. "काहून डांबून ठेवलं गा माह्या माणसाले? स्लॅब टाकला त्या दिवशी सोता न खाता लेकरांसाठी मटण घेऊन आला तो. असा माणूस कोणाचा जीव घेईन का?"

मी आतून ऐकत होतो. आमच्याकडे स्लॅब टाकला की मजुरांना मटणाचं जेवण ठरलेलं.

मग मी तारीख विचारणं सोडून दिलं. एकेकाला वेगळं बसवून विचारलं, स्लॅबच्या दिवशी काय जेवलात? या प्रश्नाला कोणीच भ्यालं नाही. मटण. बिल्डरने स्वतः वाढलं आणि पंगतीला बसला.

बिल्डरला बोलावून चहा दिला. "श्रावण पाळता का?"

"म्हणजे काय साहेब! पोळ्यापर्यंत आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही."

"मग श्रावणातल्या स्लॅबला मटण कसं खाल्लं?"

त्याने रजिस्टर ओढलं, उघडलं आणि परत मिटलं. संध्याकाळपर्यंत सगळं ओकला. स्लॅब पोळ्यानंतरचाच होता. कोसळल्यावर त्याने रजिस्टर नव्याने लिहून काढलं होतं.

पोलीस काय विचारतील याचा अंदाज घेऊनच असा माणूस कागद तयार करतो, हे मी त्या केसमध्ये शिकलो. पुढे प्रत्येक जबाबात माझा एखादा तरी प्रश्न जेवणाखाण्याचा असायचा.

मिस्त्री सुटला, आमचा साक्षीदार झाला. बायको बाहेर ऑटो थांबवून उभी होती. "चला नं आता घरी," ती म्हणाली. तो माझ्या टेबलापासून हलेना.

"साहेब, तुम्ही सोडलं मले. पण स्लॅब कच्चा हाय हे मले ठाऊक होतं. टेकू तं मीच काढला नं?"