सरळ केलेले ओठ

कापडी बाहुल्यांच्या कार्यशाळा मी चौदा वर्षं घेते आहे, आणि मला एक वाईट खोड आहे. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सगळ्याजणी घरी गेल्या, की मी त्यांच्या बाहुल्या एकेक करून हातात घेते आणि गुपचूप सुधारते. कुणाचा मणी सैल, कुणाच्या मानेत कापूस कमी. दुसऱ्या दिवशी बायका आपापली बाहुली बघून हरखतात आणि मी साळसूदपणे कौतुक करते. माझा नवरा म्हणायचा, "एक दिवस अंगाशी येईल." आलं.

यंदा वर्गात कॉलरबाई होत्या. नाव बायकांनीच ठेवलेलं. शर्टांच्या कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनी फक्त कॉलरी शिवल्या होत्या. बाही कशी लावायची विचारलं तर म्हणायच्या, "ते खातं पलीकडचं." पहिल्या दिवशी मी टाका कसा घालायचा ते समजावत होते आणि त्या निमूट मान डोलावत होत्या. त्यांचा टाका माझ्यापेक्षा बारीक होता. ते मला दिसलं, आणि मी न दिसल्यासारखं केलं.

बाकीच्यांनी बाहुल्या केल्या, त्यांनी बाहुला. टकला म्हातारा, अंगात जुन्या चौकड्याच्या कापडाचा शर्ट. तो त्यांचा नवरा होता. वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका येऊन त्याचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं, आणि त्याच्या मांडीवरून न उतरणारी पाच वर्षांची नात त्याच्याजवळ जाईनाशी झाली. कॉलरबाईंनी ठरवलं, बाहुल्याला अगदी तसंच तोंड करायचं. पोरगी त्याला भरवेल, निजवेल, आणि हळूहळू भीती जाईल. नवऱ्यालाही त्यांनी हे सांगितलं नव्हतं. मला नंतर कळलं. सहा रविवार त्या माझ्यासमोर बसल्या होत्या, आणि हा कोण म्हणून मी एकदाही विचारलं नाही.

मला दिसलं ते इतकंच, की ओठ डावीकडे घसरलेत आणि त्या बाजूच्या डोळ्याचा मणी खाली आलाय. म्हटलं, नजर गेली बिचारीची. जिची कॉलर एकतीस वर्षं केसभर सरकली नाही, तिचा टाका चुकून वाकडा पडेल का? पण शिकवणाऱ्याला वाटतं, सगळी अक्कल आपल्याच वाट्याला आलीय. मी ओठ उसवले. टाके इतके घट्ट, की बराच वेळ लागला. मग लाल दोऱ्याने सरळ, हसरे ओठ काढले, मणी वर घेतला आणि स्वतःवरच खूश झाले.

प्रदर्शनाला कॉलरबाई नातीला घेऊन आल्या. आजोबा दारापाशीच रेंगाळले. बाईंनी बाहुला उचलला, त्याच्या ओठांवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"हे तुम्ही केलंत?"

"जरा वाकडं झालं होतं," मी म्हटलं.

"वाकडंच करायचं होतं." मग हलक्या आवाजात, दोन-चार वाक्यांत, त्यांनी सगळं सांगितलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"द्या, आत्ता उसवते," म्हणत मी सुई शोधू लागले. तेवढ्यात नातीने बाहुला ओढून घेतला आणि छातीशी धरला.

"हे माझे आजोबा," ती म्हणाली. "पहिलेवाले. आता हेच घरी राहणार ना, आजी?"

"राहू द्या, बाई," कॉलरबाई मला म्हणाल्या. "आता तिनं बघितलं." त्या नातीला घेऊन पुढच्या टेबलाकडे गेल्या.

आजोबा सावकाश जवळ आले. नातीचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं, आमचं नव्हतं. खिशातून रुमाल काढून त्यांनी तोंडावर धरला. त्यांचे शब्द नीट उमटत नव्हते, मला दोनदा ऐकावं लागलं.

"नातीचं ठीक आहे, लहान आहे," ते म्हणाले. "पण हिलाही मी पहिल्यासारखाच हवा होतो. कधी बोलली नाही."

ते ओठ मी काढलेत, एवढंच सांगायचं होतं. मी मान खाली घालून टेबलावरचे मणी डबीत भरत राहिले, आणि ते गेले.