चार बोटं जागा

लातूरला कोर्टाजवळच्या टायपिंगच्या दुकानात मी चार वर्षं काम केलं. मी मुखेडकडची. कॉम्प्युटरचा डिप्लोमा झालेला, त्यामुळे आपल्याला सगळं येतं असा माझा पक्का समज होता. शेजारच्या टेबलावर चाचा बसत. रोज सकाळी औशाहून एसटीने यायचे. सारा जन्म टाइपरायटरवर गेलेला, कॉम्प्युटर उतारवयात शिकलेले. बाँडवर, म्हणजे स्टँपपेपरवर, छापायचं जे काही असेल, ते त्यांच्याकडे जायचं. बाँडच्या वरच्या भागात सरकारी छाप असतो, त्याखाली विकणाऱ्याचा शिक्का आणि सही. मजकूर त्याच्याही खालून सुरू व्हावा लागतो. चाचा छापाखाली चार बोटं आडवी ठेवत आणि म्हणत, "हितून बिस्मिल्ला करायचा." ते माप त्यांनी आपल्या बाँडच्या फायलींमध्ये एकदाच बसवून ठेवलं होतं.

पुढे कोर्टात लांब लीगल कागदाऐवजी ए-फोर चालू लागला. दुकानात जुन्या मापाच्या शेकडो फायली. एकेक उघडायची, पानाचा आकार बदलायचा, चारी बाजूंचं मार्जिन लावायचं. मालक म्हणाले, महिना जाईल. मी घरी बसून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. फोल्डर दाखवायचं आणि बटण दाबायचं. तो प्रत्येक फाइल उघडून पान एकवीस बाय एकोणतीस पॉइंट सात सेंटिमीटर करी, मार्जिन सगळीकडे सारखं लावी आणि फाइल सेव्ह करून बंद करी. चहा संपायच्या आत सगळं उरकलं. मालकांनी दोन वकिलांना बोलावून दाखवलं. चाचाही उठून आले. "तुझं शिकणं वाया गेलं न्हाई बेटी," म्हणाले. मी फुगले.

त्या फोल्डरात चाचांच्या बाँडच्या फायलीही होत्या. त्या वगळायच्या, हे माझ्या डोक्यातच आलं नाही; त्यांचं चार बोटांचं मापही पुसलं गेलं.

दुसऱ्या दिवशी निलंग्याचे दोघे भाऊ शपथपत्रासाठी आले. चाचांनी नावं भरली, दोन्ही बाँड प्रिंटरला लावले. बोटं ठेवून बघायची त्यांना गरज वाटली नाही, माप फाइलीत आहेच असं ते धरून चालले. अक्षरं थेट सरकारी छापावर चढली. दोन्ही बाँड वाया गेले. "आजच तहसीलला द्यायचं होतं हो," थोरला भाऊ म्हणाला. दुकानात आणखी चारपाच जण होते. सगळ्यांच्या देखत मालक म्हणाले, "चाचा, दिसंना झालंय तुम्हाला. किती दिवस वढायचं असं?" बाकीच्यांनीही तोंडसुख घेतलं.

मला तेव्हाच कळलं होतं. "माझ्या प्रोग्रॅमनं झालंय," एवढं म्हणाले असते तर विषय तिथेच मिटला असता. पण कालच्या कौतुकाची चव अजून तोंडात होती. मी स्क्रीनकडे बघत राहिले. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर चाचांच्या फायलींना जुनं माप परत लावलं. जुन्या प्रती माझ्याकडे होत्या, दहा मिनिटांचं काम.

गप्प बसले ते एक वेळ माफ होईल. ही दुरुस्ती मात्र मला अजून टोचते. कारण संध्याकाळी चाचांनी ती फाइल उघडली. चष्मा कपाळावर घेऊन एकदा आणि नाकावर ठेवून एकदा माप पाहिलं. माप बरोबर होतं. मग मालकांकडे जाऊन म्हणाले, "फाइल ठीक हाय. माझंच चुकलं. दिसंना आता." दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत.

चारपाच महिन्यांनी आले ते काळा चष्मा लावून. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं होतं. त्यांच्या टेबलावर तोवर स्कॅनर बसला होता. परत कामावर येऊ का, त्यांनी विचारलं. "बघू की, चाचा," म्हणत मालक फोन घेऊन बाहेर गेले. चाचा माझ्याजवळ आले. एक कोरा बाँड मागून घेतला, छापाखाली चार बोटं ठेवली आणि पेन्सिलने बारीक रेघ ओढली.

"बघ बरं, सरळ हाय का?"

रेघ सरळ होती, जागच्या जागी होती. आधीही असायची.

"चाचा, त्या दिवशी..." मी म्हणाले.

त्यांनी हातानेच थांबवलं. "त्या दिवशी समदे बोलले मला. तू एकटी गप बसलीस. म्हाताऱ्याची लाज राखलीस. लई दुवा देतो तुला."

मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. औशाची गाडी सुटायला वीस मिनिटं होती. ती सुटेपर्यंत मी त्यांच्याशेजारी उभी होते, आणि तरीही सांगितलं नाही.