डॉर्कसच्या माश्या

जिवंत सवत असती तर जेरूशा तिला भारी पडली असती. चार शब्द सुनावले असते, चार ऐकून घेतले असते, मोकळी झाली असती. पण हिची सवत घरामागच्या टेकाडावर दीड वर्षापूर्वीच पुरलेली. मेलेल्या बाईशी भांडायचं कसं, हे सांगा मला!

आमच्या मस्किंगम नदीच्या खोऱ्यात तेव्हा सगळी मिळून अकरा घरं होती. ओंडक्यांची, मातीनं लिंपलेली, चारी बाजूंनी जंगल. अकरा घरांत कुणी काही लपवून ठेवीन म्हटलं तर ते शक्य नव्हतं. त्यामुळे इनोस ब्रॅडॉकची पहिली बायको डॉर्कस किती गुणाची होती, हे जेरूशाला घोड्यावरून उतरायच्या आत कळलं. एकोणतीस वर्षांची होती जेरूशा. कनेक्टिकटहून भावाच्या बिऱ्हाडाबरोबर नदीतून नावेनं आलेली, भावाच्या घरी राब राब राबलेली. बिजवर का असेना, स्वतःचं घर मिळतंय म्हणून ती हो म्हणाली. घर मिळालं, पण त्यात पाय ठेवावा तिथं डॉर्कस.

इनोस वाईट नव्हता हो. दारू बेतानं घ्यायचा, हात कधी उगारला नाही. पण कुठं काय बोलावं याची अक्कल देवानं त्याला दिलीच नव्हती. सकाळी ताटात मक्याची भाकरी पडली की तोंडात घास ठेवून म्हणायचा, “छान झालीय. डॉर्कस यात थोडा भोपळा कुस्करायची.”

“मग तिलाच सांगा ना करायला,” जेरूशा चुलीकडे तोंड करून पुटपुटायची.

“काय म्हणालीस?”

“काही नाही. जेवा.”

हरणाचं कातडं कमवायचं तर डॉर्कसच्या हातचं मऊ. सूत डॉर्कसचं बारीक. भोपळ्याच्या चकत्या डॉर्कस दोरीला अशा ओवायची की एक खराब होत नसे. जेरूशाच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. मेली मरून गेली तरी हिच्या घरातून हलेना!

हे सगळंही तिनं गिळलं असतं. खरं झोंबायचं ते एकच. डॉर्कसची सात वर्षांची मुलगी, टॅम्सिन, तिला ‘जेरूशाबाई’ म्हणायची. मुलगी गोड होती, शहाणी होती, सांगितलेलं ऐकायची. तापात फणफणली तेव्हा जेरूशा तीन दिवस तिच्या उशाशी बसून होती. बरं झाल्यावर पोरगी म्हणते काय, तर “उपकार झाले, जेरूशाबाई.” पाहुण्याला म्हणावं तसं. त्या पोरीच्या तोंडून एकदा, फक्त एकदा ‘आई’ ऐकायला मिळावं, यासाठी जेरूशानं काय वाटेल ते केलं असतं. नवऱ्याच्या तोंडी मग डॉर्कसचा जप चालू राहिला तरी चाललं असतं.

आता माश्यांचं सांगते. घरामागे कुंपणाजवळ एक पोकळ ओंडका उभा करून ठेवला होता, वर फळी, फळीवर दगड. त्यात मधमाश्या. डॉर्कसनं जंगलातून आणून वसवलेल्या, अर्थात! शेजारची केझाया काकू एक दिवस विस्तव मागायला आली आणि ओंडक्यावरची काळी चिंधी पाहून दारातच थबकली.

“अगं बाई! लग्नाला तीन महिने झाले, आणि तू अजून माश्यांना सांगितलं नाहीस?”

“काय सांगायचं माश्यांना?”

“कनेक्टिकटात काही शिकवत नाहीत वाटतं पोरींना! ओंडक्यावर तीनदा टकटक करायचं, आपलं नाव सांगायचं, आता मी इथली मालकीण म्हणायचं. डॉर्कस गेली तेव्हा मी स्वतः जाऊन सांगितलं, ही चिंधी मीच बांधली. घरातून कोण गेलं, घरात कोण आलं, माश्यांना कळायला हवं. मेलेल्या माणसाला आपला निरोप त्याच पोचवतात. नाही सांगितलंस तर उठून जातील एक दिवस.”

“म्हणजे माझ्या घरात राहायला मी तिच्या माश्यांची परवानगी काढू?”

“परवानगी कसली गं, ओळख करून द्यायची नुसती.”

“मी माणसांना ओळख देते, काकू. किड्यांना नाही.”

केझाया काकूनं विस्तवाचं मडकं उचललं. “डॉर्कस अशी फाडकन बोलायची नाही हो कधी,” ती म्हणाली आणि गेली. झालं! जेरूशा त्यानंतर ओंडक्याच्या वाटेलाही फिरकली नाही. इनोसनं दोनदा सांगितलं की वसंतात ओंडक्याखालची घाण काढावी लागते, नाहीतर आत अळी धरते. डॉर्कस काढायची, हेही सांगितलं. जेरूशानं हो म्हटलं आणि हात लावला नाही.

जूनमध्ये इनोस घोडा घेऊन मीठ आणायला गेला, चार दिवसांच्या वाटेवर. जेरूशानं त्या सकाळी अंगणात साबणाची कढई चढवली होती. टॅम्सिन घरामागून आली ती उड्या मारत. एरवी शांत असणारी पोरगी, आज जेरूशाच्या अवतीभवती घुटमळायला लागली. एकदा तोंड उघडलं, पुन्हा मिटलं.

“काय गं?”

“काही नाही. मग सांगते,” म्हणाली, गालात हसली आणि बादली घेऊन झऱ्यावर पळाली.

ती झाडीआड गेली न गेली तोच घरामागून घूं घूं असा आवाज उठला. जेरूशा धावत गेली. ओंडक्याच्या तोंडातून माश्या भसाभसा बाहेर पडत होत्या, सगळ्याच्या सगळ्या, काळा ढगच वर चढत होता. अशा वेळी काय करायचं हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तवा घ्यायचा आणि डावानं बडव बडव बडवायचा. माश्या गोंधळतात, जवळच्याच फांदीला लटकतात, मग चादरीत झाडून परत ओंडक्यात घालायच्या. जेरूशानं भिंतीवरचा तवा ओढला, डाव घेतला, हात उगारला.

आणि उगारलेला हात तिनं खाली घेतला.

“जा,” ती म्हणाली. “जा बायांनो. तुमच्या मालकिणीकडेच जा.”

ढग कुंपणावर घोटाळला. अजून वेळ होता, तवा अजून हातात होता. मग तो ढग बीच नावाच्या उंच झाडांवरून तिरका निघून गेला आणि आवाज विरला. जेरूशाला बरं वाटलं. कशाला खोटं बोला, फार बरं वाटलं! सहा महिन्यांत पहिल्यांदा त्या अंगणात ती एकटी मालकीण होती. तवा-डाव कुंपणापाशी टाकून तिनं ती काळी चिंधीही सोडली आणि पलीकडे भिरकावली.

टॅम्सिन बादली घेऊन आली, ओंडक्याजवळ थांबली. कान लावला. दुसऱ्या बाजूनं लावला.

“माश्या कुठं गेल्या?”

“उडून गेल्या. मी बाहेर येईपर्यंत गेल्याच होत्या,” जेरूशा म्हणाली.

पोरगी रडली नाही. तिचा चेहरा पांढराफटक पडला आणि ती तिथंच मातीत बसली. “रागावली,” ती म्हणाली.

“कोण रागावली?”

“आई. मी तिला रोज सांगते सगळं. ओंडक्यापाशी येऊन. तुम्ही केस विंचरताना ओढत नाही ते सांगितलं. तापात जागलात ते सांगितलं.” टॅम्सिन मातीत बोट ओढत होती. “आज मी तिला विचारलं, जेरूशाबाईंना आई म्हटलं तर चालेल का. आणि ती लगेच गेली. नको म्हणाली ती.”

आणि माणसाचं मन कसं मेलं असतं पाहा, त्या क्षणीही जेरूशाच्या मनात पहिलं आलं ते हेच, की मला न विचारता आधी तिला विचारलं! मग तिनं पोरीकडे पाहिलं. गप्प बसली तर ही पोर जन्मभर समजणार, आपल्या बोलण्यानं आई दुखावली आणि आपल्याला सोडून गेली. खरं सांगितलं तर जे हवं होतं ते हातचं जाणार.

“टॅम्सिन, ती नाही गं रागावली,” जेरूशा म्हणाली. “मी खोटं बोलले. माश्या उठल्या तेव्हा तवा माझ्या हातात होता. मी वाजवला नाही. जाऊ दिल्या.”

“का?”

“मला तुझ्या आईचं चांगलं बोललेलं सहन होत नाही. मत्सर वाटतो मला तिचा.”

टॅम्सिननं मान वर केली. तिला खरंच कळत नव्हतं.

“पण ती तर मेलीय,” ती म्हणाली.

पोरगी उठली, कुंपणापाशी पडलेला तवा आणि डाव उचलला आणि बीचच्या झाडीकडे पळत सुटली. धाडधाड तवा बडवत होती आणि जीव खाऊन ओरडत होती, “आई! आई!” ती हाक आपल्याला नाही, हे जेरूशाला कळत होतं. साबणाची कढई तशीच विस्तवावर सोडून ती तिच्यामागे धावली.