मंजुळामावशीचं कोपर आणि मॅनेजरीणबाईंचे मासे

हिंगोलीत आमच्या गल्लीत जन्मलेलं प्रत्येक पोर आधी मंजुळामावशीच्या पायांवर पालथं पडायचं आणि मग घरच्यांच्या मांडीवर जायचं. बाळंतिणीच्या घरी जाऊन लेकरांना न्हाऊ घालणं हे तिचं काम. पाटावर बसून पाय लांब करायचे, पोराला पायांवर घ्यायचं, तेल चोळायचं आणि घंगाळातलं ऊन पाणी ओतायचं. त्याआधी उजवं कोपर पाण्यात बुडवून ती डोळे मिटायची आणि "हां" म्हणायची. त्या "हां"वर कुणी कधी शंका घेतली नव्हती.

माझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता. सकाळी मावशीनं त्याला न्हाऊ घातलं, दुपारी अंग तापलं आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. बारसंसुद्धा झालं नव्हतं. माझी आत्या, सखुबाई, हिनं विहिरीवर जाऊन सांगितलं, "पाणी लई कडक व्हतं. तिचा हात लाभत न्हाई." पोराच्या अंगावर एक चट्टा नव्हता, पण आत्याला पुरावा कधी लागला? भाजीत मीठ जास्त पडलं तरी तिला कुणीतरी दोषी सापडायचं. आत्या जाऊन कितीतरी वर्षं झाली, मला तिचा राग अजून येतो.

मग मावशीला कुणी बोलवेना. माझी आई, शालूबाई, समोरून आली की मान खाली घालून जायची. मावशी भांडली असती तर बरं झालं असतं. पण तिला स्वतःलाच कळत नव्हतं. पाणी कडक होतं का? नव्हतं. आणि असलं तर? हे कोडं घेऊन ती दिवसभर फिरायची आणि चुलीवर ठेवलेलं दूध उतू जाऊ द्यायची.

पोटासाठी तिनं कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मॅनेजरच्या बंगल्यात झाडलोट धरली. नवरा-बायको दोघं मुंबईकडचे, मूलबाळ नाही. बैठकीत काचेची टाकी होती आणि तिच्यात तांबडे-काळे मासे. आमच्याकडे मासा म्हणजे कयाधू नदीच्या डोहातला, तोही बाजारात दिसणारा. बघायला म्हणून मासे पाळायचे हे गल्लीला नवीन होतं. हे मासे उबदार मुलखातले, म्हणून हिवाळ्यात टाकीखाली बारीक वातीचा कंदील तेवत असायचा. पण लढाईचे दिवस, घासलेट मिळेना. तशात मॅनेजर नवरा-बायकोला पुण्याला नात्यातल्या लग्नाला जायचं होतं.

मॅनेजरीणबाईंनी मावशीला समोर बसवलं. "मंजुळाबाई, हे मासे म्हणजे माझी लेकरंच आहेत. थंडीत पाणी गार पडू देऊ नका. थोडं थोडं ऊन पाणी घालत जा." मग पारा असलेली काचेची नळी दाखवली. तिच्यावर एका खुणेपाशी लाल दोरा बांधला होता. पारा दोऱ्यापाशी राहिला की पाणी बरोबर.

मावशी घरी जाताना रडली म्हणे. किती दिवसांनी कुणीतरी तिच्या हाती लेकरं दिली होती, मग ती माशांची का असेनात. ही जगली तर आपला हात चांगला, असं तिनं मनाशी धरलं.

आता मावशीची एक खोड होती. कुठलीही वस्तू राखेनं घासल्याशिवाय ती पाण्यात घालत नसे. तिनं ती नळी घासली. दोरा सुटून हातात आला. वर होता की खाली? तिनं तो आधी वर बांधला, मग खाली बांधला, मग मध्ये. शेवटी नळी कोनाड्यात ठेवली, दोरा आपल्या मनगटाला बांधला आणि चुलीवर पाणी ठेवलं. लेकरं म्हटल्यावर नळी कशाला हवी? कोपर होतं की!

तिनं तांब्या तांब्यानं ऊन पाणी टाकीत घातलं. कोपर बुडवून, डोळे मिटून "हां" आलं तेव्हाच थांबली. मासे वर आले आणि तोंडं उघडमीट करू लागले. मावशी हरखली. न्हाऊन झालं की लेकरू जांभया देतं, हे तिनं जन्मभर पाहिलेलं. मग मासे सुस्त होऊन एका बाजूला कलले. न्हालेलं लेकरू झोपणारच. तिनं शेगडीत ओवा टाकून टाकीला धुरी दिली, वरून गोधडी घातली आणि पाय न वाजवता घरी गेली. मला हे सांगताना ती स्वतःच कपाळावर हात मारायची.

पहाटे येऊन गोधडी काढली तर एक मासा उताणा तरंगत होता. तोवर पाणी पार गारठलं होतं आणि बाकीचे तळाशी गप्प पडून होते. गारठ्यानंच मेला, असं तिला वाटलं. घाईघाईनं पुन्हा ऊन पाणी घातलं. मासे पुन्हा वर आले, पुन्हा ती तोंडं. ही जांभई की तकलीफ? आणखी ऊन घालावं की गार? कोपर तर "हां" म्हणत होतं. काल पण "हां"च म्हणालं होतं.

ती बाहेर धावली. बंगल्यालगतच्या कारखान्याच्या विहिरीवर गल्लीचं पाणी भरलं जायचं. तिथं आई एकटीच पाणी शेंदत होती. मावशीनं तिचा हात धरला, तिला ओढत बंगल्यात नेलं आणि तो हात टाकीत घातला. "शालू, तू सांग. ऊन हाय का गार हाय?"

आईनं त्या मरणानंतर मावशीशी चकार शब्द काढला नव्हता. तिनं पटकन हात मागे घेतला. "मावशी, ऊन हाय. माशाला लई ऊन हाय."

मावशी मटकन खाली बसली. "मंग तुह्या लेकरालाबी ऊनच झालं असंल का गं? मला कळंना झालंय, शालू. काहून कळंना?"

आई मला सांगायची की त्या क्षणी तिला हो म्हणता आलं असतं, आणि नाहीही म्हणता आलं असतं. दोन्हीपैकी एकही खरं आहे असं तिला वाटत नव्हतं. ती म्हणाली, "मलाबी न्हाई ठाऊक, मावशी. मी काय त्या पाण्यात हात घातला व्हता?" आणि मग ती मोठ्यानं रडली. आत्यासमोर तिला असं रडता आलं नव्हतं.

पण मासे समोर तडफडत होते. आई उठली आणि नुकती शेंदलेली बादली घेऊन आली. हिवाळ्यात पहाटे आमच्या विहिरींचं पाणी कोमट असतं, त्यावर वाफ दिसते. दोघींनी टाकीतलं निम्मं पाणी काढलं आणि ते विहिरीचं ओतलं. आईनं हात बुडवला. ना ऊन लागलं, ना गार. हळूहळू मासे खाली गेले आणि फिरायला लागले. मग रोज पहाटे आणि तिन्हीसांजेला दोघी टाकीत विहिरीचं ताजं पाणी घालायच्या आणि गोधडी गुंडाळायच्या. चुलीवरचं पाणी बंद.

मॅनेजरीणबाई परतल्या तेव्हा मावशीनं मेलेल्या माशाचं आधीच सांगून टाकलं आणि मान खाली घालून उभी राहिली. बाई म्हणाल्या, "अहो, थंडीत एखादा जातोच. पाण्यानंच गेला कशावरून?" त्या हे धीर द्यायला म्हणाल्या, पण मावशी आणखीच गोंधळली. आईकडे येऊन म्हणाली, "घ्या! माशाचंबी न्हाई कळलं."

पुढच्या हिवाळ्यात मी झाले. आईनं मंजुळामावशीला बोलावणं धाडलं. आत्यानं आकांडतांडव केलं, "ह्याबी लेकराला घालवायचं हाय का?" आई बाजेवरून उठली, भिंत धरत न्हाणीत आली आणि म्हणाली, "पाण्यात माझाबी हात राहील."

मावशीनं मला पायांवर घेतलं, तेल चोळलं, कोपर घंगाळात घातलं आणि डोळे मिटले. "हां" काही येईना. तिनं गार घातलं, मग ऊन घातलं, मग परत गार.

"शालू, तू सांग."

आईनं हात घातला. "मला तर बराबर वाटून राहिलं. पण तुमी सांगा."

"न्हाई गं, तू सांग."

"तुमी सांगा, मावशी."

त्या दोघींचं असं चाललं होतं, आणि मी थंडीत उघडी पडून बोंबलत होते. शेवटी दोघींचे हात पाण्यात एकमेकांना लागले. आईनं मावशीचं मनगट घट्ट धरलं. त्यावर तो लाल दोरा अजून होता.

"वता आता," आई म्हणाली.