उतेकरबाईंनी शोधलेला पत्ता

उतेकरबाई गेल्या हे मला महाडच्या पोस्टात, त्यांच्याच खिडकीसमोर उभं असताना कळलं. आत दुसऱ्याच बाई बसल्या होत्या. मला वाटलं, रजा वाढवली असेल. "सर, त्या गेल्या… मंगळवारी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. हातातलं पाकीट तसंच घेऊन मी बाहेर आलो आणि पायरीवर बसून राहिलो. त्या आजारी आहेत एवढं ठाऊक होतं. भेटायला जायचं आज-उद्या करत राहिलो, ते राहूनच गेलं. त्यांनी आमच्या घरासाठी काय केलं हे त्यांच्या घरच्यांनाही कदाचित माहीत नसेल, म्हणून हे लिहितो आहे.

माझा धाकटा भाऊ सुधीर कॅनडाला गेला तो अण्णांशी, म्हणजे आमच्या वडिलांशी भांडून. आमच्या गावची, उमरठची शेती सोडून परमुलखात जायचं हे अण्णांना पटलं नाही. "गेलास तर मला मेलास," असं ते रागाच्या भरात बोलून गेले आणि सुधीरने ते मनाला लावून घेतलं. नऊ वर्षं ना फोन, ना काही. इंटरनेटवरही तो कुठे सापडेना. मधे एकदाच लग्न झाल्याचं कार्ड माझ्या नावावर आलं, आणि महाडच्या घरात पुराचं पाणी शिरलं तेव्हा तेही भिजलं. त्यावरचा पत्ता बराचसा लागत होता, पण शेवटचा पोस्टाचा कोड वाहून गेला होता. 'के' हे अक्षर आणि त्यापुढे एक गोल… बाकी नुसती शाई.

मग अण्णांचं हृदयाचं दुखणं निघालं. दवाखान्यातून घरी आल्यावर एका दुपारी त्यांनी कागद मागून घेतला आणि स्वतः पत्र लिहिलं. मला वाचूसुद्धा दिलं नाही. मी कार्डावरच्या गावाचं नाव मोबाईलवर शोधलं, त्या नावाचं एक शहर निघालं. त्याच्या कोडातलं पहिलं अक्षर जुळलं, तेवढ्यावर मी खूश होऊन पत्र पाठवून दिलं. अडीच महिन्यांनी ते जसंच्या तसं परत आलं. अण्णांना वाटलं, सुधीरनेच परत धाडलं. "घेतलं नाय त्यानं," एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. जेवण जवळजवळ सुटलं.

ते पाकीट आणि भिजकं कार्ड घेऊन मी पोस्टात गेलो. तोवर उतेकरबाईंची माझी ओळख खिडकीपुरतीच. त्यांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं. "सर, हा कोड या पत्त्याचा नाही. तुम्ही दुसऱ्या जागी सात लिहिलाय. इथे गोल दिसतोय."

"ते 'ओ' असेल की."

"'ओ' नाही येणार. कॅनडाच्या कोडात अक्षर, मग आकडा, मग परत अक्षर असं एकाआड एक असतं. म्हणजे हे शून्य. आणि दुसऱ्या जागी शून्य आलं की ते खेडं." त्यांनी कार्ड माझ्याकडे सरकवलं. "तुमचा भाऊ शहरात नाहीच, सर."

जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून त्यांनी कॅनडाच्या टपालखात्याच्या साइटवर शोध घेतला. त्याच प्रांतात त्याच नावाचं खेडं सापडलं. अख्ख्या गावाला एकच कोड!

मी अण्णांना समजावलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला नसता. ते बाईंनी न सांगता ओळखलं. रविवारी त्या पोलादपूरला माहेरी जाणार होत्या, वाट वाकडी करून उमरठला आल्या. अण्णांच्या खाटेशेजारी बसून म्हणाल्या, "बाबा, पत्र त्याच्या हातात गेलंच नव्हतं. पत्ता चुकला होता. तो लहानशा गावात राहतो."

अण्णा उठून बसले. "गावात? मंग शेती हाय का तिथं?"

"ते तुम्हीच विचारा ना."

अण्णांनी पाकीट फोडून पत्राखाली ती ओळ वाढवली. वालाचं बीही घालायचं होतं. बाई हसून म्हणाल्या, "बी नाही जायचं बाबा, तिकडे अडवतात." "बरं बाय, राहू दे," अण्णा म्हणाले. कोणी नाही म्हटलेलं अण्णांनी निमूट ऐकून घेतलं, असं मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं.

महिन्याभराने फोन वाजला. "दादा, अण्णांना दे." बराच वेळ दोघंही नुसते हुंदके देत होते… मग अण्णांचा आवाज आला, "भात नाय होत? मंग खाता काय रे?" त्या थंडीत सुधीर बायको-मुलीला घेऊन चाळीस दिवस राहून गेला. पुढच्या पावसाळ्यात अण्णा गेले, पण कुढत गेले नाहीत. त्या फोनपासूनचे ते दहा महिने उतेकरबाईंनी आम्हाला मिळवून दिले.

त्या गेल्याचं सुधीरला फोनवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याने आपल्या गावच्या पोस्टात जाऊन तिथल्या बाईंना सगळी हकिगत सांगितली. त्यांनी उतेकरबाईंच्या नावाचं स्पेलिंग तेवढं विचारून घेतलं. गेल्या आठवड्यात महाडच्या पोस्टात एक कार्ड आलं, 'उतेकरबाईंच्या सहकाऱ्यांस' म्हणून. आत चारच ओळी होत्या. एका पोस्टातल्या बाईने न पाहिलेल्या दुसऱ्या पोस्टातल्या बाईसाठी लिहिलेल्या. खिडकीमागच्या टेबलाच्या काचेखाली आता ते कार्ड पाकिटासकट आहे. नव्या बाईंनी मला ते दाखवलं, पाकिटावरच्या पत्त्यावरून बोट फिरवत म्हणाल्या, "बघा सर, पिनकोड अगदी बरोबर घातलाय."