शेरिलच्या लग्नाला जमलं तर ये

बीआट्रिस तुस्कानो लग्न काढते म्हणजे काय करते, हे ज्याला ठाऊक नाही त्याने एकदा विंडसरला येऊन बघावं. गाड्यांच्या सीटा शिवणाऱ्या कारखान्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं, नवरा व्हॅलेरियन गेला, गुडघे गेले, पण उत्साह? तो तसूभर कमी झाला नाही. मुलगी शेरिलचं लग्न ठरल्यापासून बाईचे पाय जमिनीवर नव्हतेच. वसईहून मसाला मागवला, बेसमेंटमध्ये नेवऱ्यांचे, म्हणजे करंज्यांचे, डबे रचले आणि फादरना पुन्हा पुन्हा फोन करून विचारलं, चर्चचं हीटिंग चालतं ना? एप्रिल असला म्हणून काय झालं, कॅनडातला एप्रिल तो!

तारीख तर काय शोधून काढली होती! उपवासकाळात लग्नं लागत नाहीत. मे महिन्यात केविनचा ट्रेनिंग कॅम्प सुरू होतो, मग थंडी पडेपर्यंत तो घरचा राहत नाही. म्हणून ईस्टरनंतरचा पहिला शनिवार, दुपारी एक वाजता. केविन म्हणजे शेरिलचा धाकटा भाऊ. बापाच्या जागी तोच तिचा हात धरून वेदीपर्यंत नेणार होता. शेरिलने दुसऱ्या कुणाचं नावसुद्धा काढू दिलं नव्हतं.

हा केविन विंडसर रिव्हरमेनकडून फुटबॉल खेळतो. आपलं लाथा मारायचं नव्हे, हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर धावून जायचं, ते इथलं फुटबॉल. त्यात याचं काम काय, तर वाकायचं आणि चेंडू पायांमधून मागे फेकायचा, थेट किक मारणाऱ्याच्या हातात. लाँग स्नॅपर म्हणतात त्याला. नीट फेकला तर कुत्रं विचारत नाही, चुकला तर अख्ख्या गावाला नाव पाठ. संघाला असा एकच लागतो. आणि यंदा रिव्हरमेनने दुसराही आणून ठेवला होता. मेसन नावाचा, सॅस्कॅचेवानचा, दाराएवढा धिप्पाड. दोघांतला एक राहणार, एक घरी जाणार.

अशात नव्या कोचने फर्मान काढलं. ऑफसीझनची प्रॅक्टिस, त्याच शनिवारी, दुपारी एकलाच.

"बट इट्स व्हॉलंटरी, ममा," केविन म्हणाला. म्हणाला खरा, पण तोंड एवढंसं झालं होतं.

"मग नको जाऊस. झालं!"

"यू डोंट गेट इट. मेसन विल बी देअर."

"मला कळत नाही? मला?" बाईचा पारा चढला. "अरे, आमच्या गावात 'जमलं तर या' म्हणतात ना, तसलंच हे व्हॉलंटरी. माझी नणंद बारशाला म्हणाली होती, जमलं तर या. मला ताप होता, नाही गेले. तेव्हा तू पाळण्यात होतास, आता केवढा झालास? अजून ऐकवते ती फोनवर!"

खेळाडूंच्या युनियनमध्ये तेव्हा याच गोष्टीवर रण माजलं होतं. हंगाम नसताना संघाचे सराव ठेवायचेच कशाला? जुने खेळाडू म्हणत, बंद करा, अंगाला आराम द्या, चार दिवस बायकापोरांत राहू द्या. कोच म्हणत, मग संघ बांधायचा कधी? आणि नवी पोरं गप्प, कारण कोचच्या डोळ्यांत भरायची त्यांना तेवढीच संधी. केविनही गप्पच बसायचा. कारखान्याच्या युनियनमध्ये पुढच्या रांगेत बसून घसा फोडलेली त्याची आई मात्र गप्प बसणाऱ्यांतली नव्हे. एक तर सक्तीचं आहे असं तोंडाने म्हणा, नाहीतर बंद करा, हे तिचं मत. ते तिने ग्रोसरीच्या रांगेतसुद्धा ऐकवलं.

मग एके दिवशी ठेवणीतली साडी, वर जाड जॅकेट आणि हातात पत्रिकांची पिशवी घेऊन बाई थेट मैदानावर हजर. आमंत्रण पोस्टाने पाठवायचं नसतं, दारात जाऊन द्यायचं असतं. कोच ब्रॅनिगनच्या हातात तिने पत्रिका आणि नेवऱ्यांचा डबा ठेवला.

"जमलं तर या," तिने इंग्रजीत सांगितलं.

कोच हसला. "शनिवारी आमची प्रॅक्टिस आहे. पण केविन न आल्यास मी काही मनात ठेवणार नाही हं."

"माझी नणंदही हेच म्हणाली होती," बाई म्हणाली आणि वळली. कोचला काय कळणार कप्पाळ!

वळली तर समोर मेसन. आता दारात आलेल्या माणसाने एकाला पत्रिका द्यायची आणि दुसऱ्याला वगळायचं, ही काय रीत झाली? तिने त्यालाही दिली. डबा एकच आणला होता म्हणून चुकचुकली. "शेरिलच्या लग्नाला जमलं तर ये हं, बाळा." शेजारी उभ्या किकरलाही एक दिली. केविन लांबून बघत होता. गाडीत बसल्यावर त्याने स्टीअरिंगवर कपाळ आपटून घेतलं. "ममा! हिम? सीरियसली?"

शनिवार उजाडला. काय ती धांदल! गजरे, गाऊन, व्हिडिओवाला, हॅमिल्टनहून आलेले पाहुणे आणि त्यांचे बूट! त्या गडबडीत केविन सूट हँगरला लावून गाडीत टाकताना दिसला. सुटाशेजारी खेळाची बॅगही होती. बाईने ती पाहिली. लग्नाच्या दिवशी रडायचं नाही म्हणून तिने ओठ घट्ट मिटले.

पाऊण वाजला. एक वाजायला आला. नवरामुलगा स्टीव्हन वेदीपाशी घाम पुसतोय, शेरिल दारात फुलं धरून उभी आणि केविनचा पत्ता नाही. फोन बंद.

"ममा, तूच चल माझ्याबरोबर," शेरिल हळूच म्हणाली. बीआट्रिसने पदर खोचला. गुडघे कुरकुरले. चल बाई! व्हॅलेरियन, बघ रे बाबा वरून!

तेवढ्यात गाडी करकचून थांबली. केविन उतरला, सुटात, टाय वाकडा. पलीकडच्या दारातून मेसन उतरला, चांगला कडक इस्त्रीचा सूट घालून. आणि मागच्या गाडीतून किकर!

"अगं बाई!" बीआट्रिस ओरडली. "तू? आणि प्रॅक्टिस?"

मेसन लाजला. "तुम्ही बोलावलं होतं ना. चर्च कुठे ते माहीत नव्हतं, म्हणून मैदानाच्या पार्किंगमध्ये केविनची वाट बघत थांबलो. आणि उद्या कोणी म्हणायला नको, की तो बहिणीच्या लग्नाला गेला म्हणून मला जागा मिळाली."

"आणि चेंडू फेकायलाच कुणी नाही, तर मी तिथे लाथ कशाला मारू?" किकर म्हणाला.

बाईची नजर केविनच्या पायांकडे गेली. सुटाखाली खेळाचे खिळ्यांचे बूट होते. चांगले बूट घरीच राहिले होते, कारण निघताना हे बूट चढवून तो प्रॅक्टिसलाच निघाला होता. गेलाही होता. मेसनने त्याला मैदानावरून उलटा फिरवून आणला होता.

"सॉरी, ममा," केविन पुटपुटला.

त्याच्या दोन मुस्काटात द्याव्यात असं बाईला वाटलं आणि घट्ट मिठी मारावी असंही वाटलं. पण ऑर्गन सुरू झाला होता. तिने त्याचा टाय सरळ केला. मग मेसनचा दंड धरला आणि त्याला थेट पहिल्या बाकावर, आपल्या शेजारी नेऊन बसवलं. ती जागा तिने चर्चमध्ये आल्यापासून पर्स ठेवून व्हॅलेरियनसाठी राखली होती.

केविन बहिणीला घेऊन आत आला. चर्चच्या फरशीवर त्याचे खिळे वाजू लागले, टक, टक, टक. सगळे माना वळवून बघायला लागले, फादरनी चष्मा सावरला, शेरिलला हसू आवरेना. बीआट्रिस मात्र मेसनचा हात गच्च धरून ढसाढसा रडत होती.