कव्हरबाहेरची कार्डं

ग्रुपवाल्यांनो, आज डोकं ठिकाणावर नाही.

माझ्या क्रिकेट कार्डांची स्प्रेडशीट तुम्ही पाहिली आहे. काल तिच्यात फोटो टाकायचे म्हणून सगळ्यात चांगली कार्डं प्लास्टिकच्या कव्हरांतून काढली आणि टेबलावर तशीच ठेवून सकाळी कामाला गेलो.

डिंडोलीत आमच्या घरी आई साडीची लेस पुठ्ठ्यांवर गुंडाळून देते. आज दुपारी पुठ्ठे संपले आणि टेम्पोवाला दारात हॉर्न मारत होता. आईने उरलेली लेस माझ्या कार्डांवर गुंडाळली. माल मार्केटात गेला.

"कव्हरमाधला एकले बी मी हात नई लावा," आई म्हणाली. "ह्या उघडा पडेल व्हतात, माले वाटनं टाकाना शेतस."

शीटमध्ये त्या प्रत्येक कार्डापुढे अजून 'उत्तम' लिहिलेलं आहे.

आईला हे काम देणाऱ्या शेठला फोन केला तर कार्डं मिळतीलही. पण त्याला गठ्ठे उघडून लेस उलगडावी लागेल. मग तो आईला पुन्हा काम देईल? तुम्ही केला असता फोन?

"महाग व्हतात का रे?" आईने विचारलं. मी नाही म्हणालो. तिला पटलेलं दिसत नाही. उद्याच्या लेससाठी माझ्या बुटांचं रिकामं खोकं कापायला घेतलंय तिने, आणि कात्री हातात धरून पुन्हा पुन्हा विचारतेय, "हाई लेऊ का?"